प्लास्टिकच्या डब्यातले कासव : दुकानदाराचा सल्ला आणि आपला विवेक

वार्षिक परीक्षेचा निकाल लागला की मुले बक्षीस मागतात. पूर्वी कंपासपेटी किंवा चपलांचा नवा जोड मिळाला तरी पोर हरखून जाई. आता आपल्या वस्त्यांच्या नाक्यावरही मासे, पक्षी आणि कासवे विकणारी दुकाने झाली आहेत आणि मुलांचे बोट तिकडे वळते. दहा बाय बाराच्या खोलीत कुत्रा पाळणे जमत नाही. मग दुकानदारच सुचवतो, "ताई, कासव घ्या. आवाज नाही, घाण नाही, खर्च नाही. हा पूर्ण सेट घेऊन जा."

हा 'पूर्ण सेट' म्हणजे काय? प्लास्टिकचा एक उथळ डबा, मधोमध बेट, बेटावर प्लास्टिकचे नारळाचे झाड, तळाला रंगीत गोटे आणि सोबत सुकवलेल्या कोळंबीची डबी. त्यात रुपयाच्या नाण्याहून थोडे मोठे, हिरवे, कानाजवळ लाल पट्टा असलेले पिल्लू सोडून दिले जाते. या जातीला इंग्रजीत 'रेड इअर्ड स्लायडर' म्हणतात. तिचे मूळ घर अमेरिकेतील मिसिसिपी नदीच्या खोऱ्यात आहे. दुकानदाराच्या दृष्टीने सेट पूर्ण असतो, कारण त्याचा सौदा पूर्ण झालेला असतो. कासवाच्या दृष्टीने मात्र त्यात जगायला लागणारे जवळजवळ काहीच नसते.

दुकानात मिळणारा सल्ला एकेक करून तपासून पाहू.

पहिला सल्ला : "हे एवढेच राहते." हे धडधडीत असत्य आहे. नीट वाढले तर या जातीची मादी दहा इंचांपर्यंत, कधी त्याहून मोठी होते आणि वीस-तीस वर्षे जगते. म्हणजे आज पहिलीत असलेल्या मुलाचे लग्न होईल तेव्हाही कासव घरात असेल! कासव लहानच राहिले असेल तर उपासमारीने त्याची वाढ खुंटली आहे, असे समजावे.

दुसरा सल्ला : "डबा पुरतो." जाणकारांचा ढोबळ नियम असा, की पाठीच्या दर इंचाला सुमारे ३८ लिटर पाणी हवे. दहा इंचांच्या कासवाला ३८० लिटर, म्हणजे २०० लिटरची जवळजवळ दोन पिंपे. कासव पाणी फार घाण करते, म्हणून पाणी गाळणारे यंत्र हवे आणि वरचेवर पाणी बदलायला हवे. ज्या चाळीत नळाला तासभर पाणी येते, तेथे हे कसे जमणार?

तिसरा सल्ला : "कोळंबी टाका, बास." नुसत्या सुक्या कोळंबीवर कासवाला 'अ' जीवनसत्त्व आणि कॅल्शियम पुरेसे मिळत नाही. 'अ' जीवनसत्त्वाच्या अभावी त्याचे डोळे सुजतात व मिटतात. त्याला कासवासाठी बनवलेले समतोल खाद्य आणि वाढत्या वयाबरोबर हिरवा पाला लागतो. डब्यातले रंगीत गोटेही घातक आहेत. कासव ते गिळते आणि आतडे अडते.

चौथा सल्ला : "खिडकीत ठेवा, ऊन मिळेल." कासवाला उन्हातील अतिनील किरणे लागतात. त्यांच्याशिवाय शरीरात 'ड' जीवनसत्त्व तयार होत नाही, कॅल्शियम अंगी लागत नाही आणि पाठीचे कवच मऊ व वेडेवाकडे होते. ही किरणे खिडकीच्या काचेतून आत येत नाहीत. थेट ऊन, त्याबरोबर बाजूला सावली आणि अंग पूर्ण कोरडे करता येईल अशी जागा हवी. उथळ डबा भर उन्हात ठेवला तर पाणी तापून कासव मरते. घरात ऊन नसेल तर या किरणांचा खास दिवा लागतो. साधा बल्ब चालत नाही. खास दिव्याचा प्रकाश दिसत राहिला तरी सहा महिने ते वर्षभरात त्यातील किरणे कमी होतात व तो बदलावा लागतो. दुकानदाराने यातले काही आपल्याला सांगितले होते काय?

आमच्या विहारातील रविवारच्या बालवर्गात सातवीतली एक मुलगी असेच कासव घेऊन आली होती. त्याचे डोळे सुजून मिटले होते, आठ दिवस त्याने अन्नाला तोंड लावले नव्हते. तिच्या वडिलांनी दुकानात विचारले, तर उत्तर मिळाले, "थंडीचे झोपले आहे, उठेल." ते उठले नाही. त्या मुलीने आम्हाला विचारले, "माझे काही चुकले का?" चूक त्या मुलीची नव्हती, तिच्या बापाचीही नव्हती. ओव्हरटाइमच्या पैशातून त्याने लेकीचा हट्ट पुरवला होता. ज्याने माहिती असायला हवी होती आणि तरी माल खपवला, त्याचा हा दोष आहे.

आता घरातल्या माणसांच्या आरोग्याचा विचार करू. कासव निरोगी दिसत असले तरी त्याच्या अंगावर व पाण्यात साल्मोनेला नावाचे जंतू असू शकतात. त्यांमुळे जुलाब, ताप, उलट्या होतात. पाच वर्षांखालील मुले, म्हातारी माणसे आणि गरोदर स्त्रिया यांना धोका अधिक. लहान मुले कासव तोंडाला लावतात म्हणून अमेरिकेने १९७५ साली चार इंचांपेक्षा लहान कासवांच्या विक्रीवर बंदी घातली. आपल्याकडे मात्र नेमकी तीच पिल्ले डब्यात घालून मुलांच्या हाती दिली जातात. शिवाय आपल्या घरात मोरी एकच असते. भांडी तेथेच घासायची आणि कासवाचे पाणीही तेथेच ओतायचे, हे ताबडतोब थांबले पाहिजे. कासवाला हात लावल्यावर दर वेळी साबणाने हात धुवावेत.

कायद्याची बाजूही माहीत असावी. पाठीवर पिवळ्या चांदण्या असलेले 'स्टार' कासव दुकानदार हळूच मागून काढून दाखवतो. ते आपल्या देशातील वन्य प्राणी आहे. गुजरात-राजस्थान आणि दक्षिण भारतातील कोरड्या माळरानांतून ते पोत्यात भरून आणले जाते. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ मध्ये २०२२ साली दुरुस्ती झाली व ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली. त्यानुसार हे कासव पहिल्या अनुसूचीत आहे. ते विकणे आणि घरात ठेवणे, दोन्ही गुन्हा. शिक्षा तीन ते सात वर्षे कैद आणि किमान २५ हजार रुपये दंड. दुकानदाराला वकील परवडतो, आपल्याला परवडत नाही, हे ध्यानात ठेवा. हे कासव जमिनीवरचे असूनही अनेक जण त्याला पाण्यात ठेवायला सांगतात आणि ते बुडून मरते.

काही घरांत कासव येते ते मुलांसाठी नव्हे, तर 'वास्तू'साठी. उत्तर दिशेला कासव ठेवले की पैसा टिकतो म्हणे! ज्याला स्वतःला नीट अन्न मिळत नाही, ते मुके जनावर आपल्या घरात पैसा कोठून आणणार? बाबासाहेबांनी ज्या अंधश्रद्धेच्या गर्तेतून आपल्याला बाहेर काढले, ती आता दुकानातून पिशवीत घालून घरी आणायची काय?

कासव नकोसे झाले म्हणून तलावात सोडणे हा उपाय नाही. हे परदेशी कासव जगभर त्रासदायक ठरलेल्या जातींपैकी एक आहे. देशी कासवांचे अन्न आणि ऊन खाण्याच्या जागा ते बळकावते. पूर्व आशियातील काही बौद्ध देशांत पुण्य म्हणून प्राणी सोडण्याच्या प्रथेतूनही ते नद्या-तलावांत पसरले. डोळस नसलेली दया कशी उलटते, याचे हे उदाहरण होय.

मग करावे काय? घरात कासव असेल तर डबा बदलून मोठे टब घ्या, गोटे काढा, पोहण्याइतके पाणी आणि बसायला कोरडी जागा द्या, खाद्य सुधारा. आजारी असेल तर दुकानदाराकडे नव्हे, पशुवैद्याकडे जा. प्रत्येक पशुवैद्याला कासवाची माहिती असतेच असे नाही, म्हणून आधी विचारून घ्या. स्टार कासव असेल किंवा कोठे विकताना दिसले, तर महाराष्ट्र वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवा. २०१८ च्या नियमांनुसार पाळीव प्राण्यांच्या दुकानाला राज्य प्राणी कल्याण मंडळाची नोंदणी लागते. ती विचारा, पक्के बिल मागा. फसवणूक झाली तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे.

बावीस प्रतिज्ञांपैकी एका प्रतिज्ञेत आपण प्राणिमात्रांवर दया करण्याची व त्यांचे पालन करण्याची शपथ घेतली आहे. पालन म्हणजे नुसते बाळगणे नव्हे. म्हणूनच आपण करुणेच्या आधी प्रज्ञेचे नाव घेतो. मुलाने कासव मागितले तर त्याला रागावू नका. त्याच्याजवळ वही-पेन्सिल घेऊन बसा आणि पाणी, ऊन, खाद्य, जागा व तीस वर्षे यांचा हिशेब त्यालाच मांडू द्या. हिशेब पाहून पोर आपणहून "नको" म्हणाले, तर तो निकाल परीक्षेच्या निकालाहून कमी मोलाचा नाही.

जयभीम!