स्वस्त औषध आणि रिकामी खिडकी

नर्मदेच्या तिलवारा घाटावरून जबलपूर शहराकडे निघाले, की नागपूरच्या हमरस्त्यावर सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय लागते. १९३९ च्या मार्चमध्ये याच भागात त्रिपुरी काँग्रेस भरली, तेव्हा अध्यक्ष सुभाषचंद्र बोस तापाने इतके जर्जर झाले होते, की त्यांना स्ट्रेचरवरून मंडपात न्यावे लागले. या रुग्णालयाला त्यांचेच नाव आहे. तिलवाऱ्याच्या आजाऱ्याला डॉक्टर भेटतो, चिठ्ठी मिळते. खरा प्रश्न त्यानंतरचा असतो : चिठ्ठीतले औषध रुग्णालयाच्या खिडकीवर मिळणार, की बाहेरच्या दुकानातून विकत घ्यावे लागणार?

औषधाचा बाजार इतर बाजारांसारखा नाही. येथे निवड करतो डॉक्टर, पैसे देतो रोगी, आणि घासाघीस कोणीच करीत नाही. भाजीवालीशी चार आण्यांसाठी हुज्जत घालणारा गृहस्थ औषधाच्या दुकानात निमूटपणे पाकीट उघडतो. तेच द्रव्य निरनिराळ्या छापांच्या नावांनी निरनिराळ्या भावांत विकले जाते. परंतु लाखो रोग्यांच्या वतीने एकच ग्राहक उभा राहिला, त्याने छाप सोडून द्रव्याच्या मूळ नावाने निविदा मागविल्या, तर पारडे फिरते. दिल्ली राज्याने १९९४ मध्ये आवश्यक औषधांची यादी करून एकत्र खरेदी सुरू केली. त्यात खर्च सुमारे ३० टक्क्यांनी उतरला.

त्याच वर्षी तामिळनाडूने या कामासाठी स्वतंत्र महामंडळ स्थापिले आणि १९९५ च्या जानेवारीपासून ते कामाला लागले. तेथे निविदेचे लिफाफे दोन : पहिल्यात कारखान्याची पात्रता, दुसऱ्यात भाव. पहिला कसोटीला उतरल्यावाचून दुसरा उघडत नाही. आलेल्या मालाचे नमुने प्रयोगशाळेकडे जातात ते उत्पादकाचे नाव झाकून. हे सारे चोख आहेच, पण त्या योजनेचे मर्म एका साध्या पासबुकात आहे. प्रत्येक रुग्णालयाच्या वाट्याची रक्कम त्यात मांडलेली असते, आणि गरजेप्रमाणे ते जिल्ह्याच्या गोदामातून माल उचलते. भाव राजधानीत ठरतो, परंतु काय हवे आणि किती हवे हे जेथे रोगी आहे तेथेच ठरते.

महाराष्ट्राचा अनुभव याच्या शेजारी ठेवून पाहण्याजोगा आहे. १८९७ मध्ये मुंबईत प्लेगची लस तयार करणाऱ्या वाल्डेमार हाफकिन यांच्या नावाच्या महामंडळाकडे २०१७ मध्ये राज्याची औषधखरेदी सोपविण्यात आली. लस तयार करणे हे एक शास्त्र; हजारो वस्तूंच्या निविदा काढून माल वेळेवर पोहोचविणे हे निराळेच. दिरंगाईच्या तक्रारी होत राहिल्या, आणि २०२३ मध्ये कायदा करून स्वतंत्र प्राधिकरण निर्माण करावे लागले. निविदेतला भाव कितीही कमी असो, माल आला नाही तर रोग्याला बाहेरच्या भावानेच औषध घ्यावे लागते. सरकारी हिशेबात जी बचत दिसते, ती त्याच्या घरी कर्ज होऊन येते.

मध्यप्रदेशात १७ नोव्हेंबर २०१२ पासून सरदार पटेलांच्या नावाने मोफत औषधवाटपाची योजना सुरू झाली. तेथील पद्धती मधली आहे : दर भोपाळचे महामंडळ ठरविते, मागणी जिल्ह्याजिल्ह्यातून जाते. यात गरजेची जाण स्थानिक राहते, हा लाभ. पण उत्पादकाला एका गोदामाऐवजी अनेक ठिकाणी लहान लहान खेपा धाडाव्या लागतात. बिल थकले किंवा मागणी उशिरा गेली, की खेप रखडते.

वापरावरचा परिणाम येथेच उमटतो. औषध नेमाने मिळू लागले, तर डॉक्टरची लेखणी आपोआप यादीतल्या नावांकडे वळते. ते मिळेनासे झाले, तर पुन्हा छापांची नावे चिठ्ठीवर येतात. तापाच्या रोग्याचे दोन दिवसांत भागते. रक्तदाबाच्या किंवा मधुमेहाच्या रोग्याला गोळी रोज लागते. महिन्याची गोळी पंधरा दिवसांचीच मिळाली, तर तिलवाऱ्याची म्हातारी ती एका दिवसाआड घेऊन महिना भरून काढते, आणि नोंदवहीत मात्र औषध दिल्याची खूण झालेली असते.