गिरणीचा फुटबॉल संघ

पंजाबात जालंधर व लुधियाना या दोन शहरांच्या दरम्यान फगवाडा हे नगर वसले आहे. तेथील जगतजित कॉटन टेक्सटाइल ही कापडगिरणी ‘जे. सी. टी.’ या तीन अक्षरांनीच प्रसिद्ध झाली. या गिरणीने १९७१ साली स्वतःचा फुटबॉल संघ उभा केला.

कापड विणणाऱ्या गिरणीने फुटबॉलचा संघ कशासाठी बाळगावा? त्या काळी आपल्या देशात केवळ खेळावर पोट भरत नसे. म्हणून रेल्वे, पोलीस आणि सेनादल यांच्याप्रमाणे कारखानेही चांगल्या खेळाडूंना नोकरी देत व त्यांना मैदानावर उतरवीत. खेळाडूला पगाराची निश्चिंती लाभे आणि गिरणीचे नाव सर्वतोमुखी होई. मुंबईतही मफतलाल गिरणीचा असा संघ होता.

फगवाड्याचेच सुपुत्र इंदर सिंग हे नामवंत आघाडीचे खेळाडू १९७४ साली या संघात आले. पुढे संघाने ड्युरँड चषक अनेकदा जिंकला. केरळचे आय. एम. विजयन आणि सिक्कीमचे बायचुंग भुतिया यांच्यासारखे दूरच्या प्रांतांतील खेळाडूही त्याला येऊन मिळाले. १९९६ साली राष्ट्रीय फुटबॉल लीग सुरू झाली. गोव्याच्या चर्चिल ब्रदर्सला मागे टाकून या संघाने तिचे पहिलेच विजेतेपद पटकावले. भुतिया यांनी त्या स्पर्धेत सर्वाधिक, म्हणजे १४ गोल केले.

परंतु लीगबरोबर खेळाचे स्वरूपही पालटले. खेळाडूंचे मानधन वाढले, परदेशी खेळाडू आणावे लागले आणि देशभर प्रवास करावा लागला. खर्च असा वाढत असता उत्पन्न मात्र तुटपुंजेच राहिले. २००६-०७ च्या लीगमध्ये संघ दुसरा आला. पण २०१०-११ च्या हंगामात त्याची खालच्या श्रेणीत घसरण झाली. सामन्यांना पुरेशी प्रसिद्धी मिळत नाही, असे सांगून जून २०११ मध्ये गिरणीने संघ मोडला. त्याच्या आदल्याच वर्षी मुंबईतील महिंद्र युनायटेड या मोटार कारखान्याच्या संघाचीही अखेर झाली होती.

असे का व्हावे? कोलकात्याचा मोहन बागान हा संघ १८८९ साली स्थापन झाला. तो सभासदांच्या बळावर उभा होता. एक आश्रयदाता गेला, तर दुसरा शोधला जाई. गिरणीच्या संघाला मात्र एकच आधार होता. अखेरच्या काळात त्याचे घरचे सामनेदेखील लुधियानाच्या मैदानावर होत. फगवाड्याच्या लोकांना संघाचा अभिमान होता. पण तो राखावा की मोडावा, हे ठरविणे त्यांच्या हाती नव्हते.

गिरणीच्या आश्रयामुळे खेड्यापाड्यांतील मुलांना चाळीस वर्षे खेळ आणि भाकरी दोन्ही मिळाली, हे तिचे मोठेच ऋण होय. मात्र ज्या संघाला आपला म्हणून सांभाळणारे पुष्कळ हात असतात, तोच आश्रयदाता गेल्यावरही तग धरतो.