ध्वनिसंस्काराची वाटणी

भोकरदनसारख्या तालुक्याच्या गावी एखाद्या भजनी मंडळाचे ध्वनिमुद्रण हाती घेतले, आणि पखवाज, पेटी, टाळ व गायक यांच्यापुढे स्वतंत्र माइक ठेवून प्रत्येकाचा आवाज वेगळ्या ट्रॅकवर उतरविला, तर खरे कष्टाचे काम त्यानंतरच सुरू होते. कारण पेटीचा कर्कशपणा काढणे, टाळांचा झणत्कार आवरणे, गायकाच्या स्वराला गाभाऱ्यातील घुमारा देणे, हे सारे संस्कार संगणकास गणितानेच साधावे लागतात. सीडीच्या दर्जाच्या ध्वनीत सेकंदाला 44,100 नमुने असतात, आणि दोन सेकंदांचा घुमारा सरळ पद्धतीने काढावयाचा तर एका ट्रॅकलाच सेकंदाला सुमारे 389 कोटी गुणाकार लागतात. युक्तीच्या गणिताने हा आकडा पुष्कळ उतरतो, तरी ट्रॅक वाढत गेले की साधारण संगणक थकतो आणि ध्वनीत तडतड उमटू लागते.

अशा वेळी अडगळीत पडलेला दुसरा संगणक जोडीला घेण्याची तजवीज मला सर्वांत शहाणपणाची वाटते. अनेक प्रक्रियकांना एकाच कामाला जुंपण्याची विद्या महाराष्ट्रात जुनी आहे: 1988 मध्ये स्थापन झालेल्या पुण्याच्या सी-डॅक संस्थेने डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली 1991 मध्ये सिद्ध केलेला ‘परम 8000’ याच तत्त्वावर चालत असे. ध्वनीच्या क्षेत्रात अ‍ॅपलच्या ‘लॉजिक प्रो 7’ने 2004 मध्ये ही सोय दिली, आज ‘ऑडिओग्रिडर’ ही प्रणाली मोफत मिळते.

परंतु वाटणी कशाची करावी, हा विवेक हवा. मामलेदार कचेरीत एकच कागद तीन टेबलांवरून क्रमाने जावयाचा असेल तर कारकून वाढवून तो लवकर निकालात निघत नाही, निरनिराळी प्रकरणे मात्र निरनिराळ्या कारकुनांकडे सोपविता येतात. त्याचप्रमाणे एका ट्रॅकवरील संस्कारांची साखळी तोडू नये, अख्खा ट्रॅकच दुसऱ्या यंत्राच्या हवाली करावा.

दुसरी अट मुदतीची. संगणक ध्वनी तुकड्यातुकड्यांनी हाताळतो. 256 नमुन्यांचा तुकडा म्हणजे अवघे 5.8 मिलिसेकंद, आणि तेवढ्यात तो दुसऱ्या यंत्राकडे जाऊन, संस्कार होऊन परतणे कठीण, म्हणून बहुधा एखाददुसऱ्या तुकड्याचा विलंब पत्करावा लागतो. मिश्रण करताना या विलंबाची बाधा होत नाही, कारण इतर ट्रॅक तेवढेच मागे सरकविले जातात. पण हेडफोनमधून स्वतःचाच स्वर ऐकत गाणाऱ्यास तो ताबडतोब खुपतो, यासाठी मुद्रणाच्या वेळी सर्व कारभार मुख्य संगणकाच्याच ताब्यात ठेवावा.

24 बिट्सच्या, 48,000 नमुन्यांच्या एका ट्रॅकला सेकंदाला 11,52,000 बिट्स लागतात, आणि 10 कोटी बिट्स वाहणाऱ्या साध्या केबलला हा बोजा किरकोळ आहे. दोन्ही यंत्रे केबलनेच जोडावीत. वायफायवर माहितीचे पुडके कधी वेळेवर, कधी उशिरा पोहोचते, आणि मुदत टळलेले पुडके श्रोत्याच्या कानी तडतड होऊनच येते.