फुलाचा खेळ आणि मुलांची चपळाई

बॅडमिंटनच्या फुलाचे वजन अवघे ४.७४ ते ५.५० ग्रॅम असते. बुचात गोलाकार खोवलेली त्याची १६ पिसे हवेचा विरोध वाढवतात. त्यामुळे जोराने फेकलेले फूलही लवकरच मंदावते व बूच खाली करून उतरू लागते. शारीरिक शिक्षणाच्या तासाला हाच गुण उपयोगी पडतो. चेंडू अंगावर येताच डोळे मिटून घेणाऱ्या मुलालाही फुलाकडे पाहण्यास, पाऊल टाकण्यास व हात पुढे करण्यास अवधी मिळतो. प्रारंभी रॅकेटचीही आवश्यकता नसते. फूल खांद्यावरून फेकावे, झेलावे. मग एक पाय पुढे टाकून ते जमिनीवर अलगद ठेवावे व मागे परतावे. फेक, झेल, तोल आणि पदन्यास यांचा अभ्यास एवढ्यातच होतो.

वाऱ्याने फुलाची दिशा बदलते. म्हणून मैदानापेक्षा छताखालची मोकळी जागा बरी. बंगळूरच्या मल्लेश्वरम भागातील कॅनरा युनियनचे सभागृह लग्नकार्यासाठी दिले जाई. लग्न नसेल त्या दिवशी तेथे बॅडमिंटन चाले. तेथेच खेळू लागलेल्या प्रकाश पदुकोण यांनी १९८० मध्ये ऑल इंग्लंड स्पर्धा जिंकली. शाळेला विजेते घडवावयाचे नसतात. परंतु मैदानाअभावी खेळाचा तास रद्द करण्याचे कारण मात्र उरत नाही.