नव्या शॉवरास पाणी कमी कां येतें?

हल्लीं खेडेगांवांतही गच्चीवर टाकी व न्हाणींत शॉवर बसविण्याची चाल पडली आहे. परंतु पुष्कळ घरीं असें दिसतें कीं, शॉवर नवा, जोड नवे, आणि पाणी मात्र ठिबकाच्या शेवटल्या झाडाखालीं पडावें तसें. मग कोणी मोठी टाकी आणवितो, कोणी फरशी फोडून नळ बदलतो, तर कोणी पंप विकत घेतो. हा खर्च करण्यापूर्वीं दोष कोठें आहे तें पाहावें. स्थळपाहणीवांचून पंचनामा लिहूं नये.

ज्यांचेकडे ठिबक आहे त्यांस एक किलो दाब ठाऊक आहेच. तेवढा दाब येण्यास पाण्याची उंची सुमारें 10 मीटर, म्हणजे 33 फूट लागते. आतां एकमजली घर घ्या. गच्ची 10 फुटांवर, शॉवर 7 फुटांवर, टाकी गच्चीवरच टेकलेली. टाकींत 3 फूट पाणी असेल तर शॉवरावर एकंदर 6 फूट उंची मिळाली; दाब किलोचा पांचवा हिस्साही नाहीं. टाकी रिकामी होत येतां तोही निम्म्यावर येतो. दाब उंचीवर अवलंबून असतो, सांठ्यावर नव्हे. यास्तव 500 लिटरांच्या जागीं 2,000 लिटरांची टाकी आणली तरी पातळी तीच असल्यास दाब तोच राहतो. खालची तोटी 2 फुटांवर असल्यामुळें तिला 5 फूट उंची अधिक मिळते. खालीं जोर आहे, वर कां नाहीं, या प्रश्नाचें अर्धें उत्तर हेंच.

परंतु जुन्या शॉवरास पाणी बरें येत होतें व नवा बसवितांच कमी झालें, तर उंचीस बोल लावतां येत नाहीं. अशा वेळीं शॉवराचें तोंड काढून उघड्या नळाखालीं 10 लिटरांची बादली धरावी व ती किती वेळांत भरते तें घड्याळावर पाहावें. मग तोंड लावून पुन्हां पाहावें. उघडा नळ चांगला वाहत असेल तर दोष तोंडांतच आहे. काम चालू असतां जुन्या लोखंडी नळांतील गंजाच्या खपल्या सुटतात, टेफलॉनच्या पट्टीचे तुकडेही वाहत येतात, व आंतील बारीक जाळींत अडकतात. ती धुवावी, आणि तोंड परत लावण्यापूर्वीं नळ अर्धा मिनिट मोकळा वाहूं द्यावा. कित्येक नव्या शॉवरांत पाणी वांचविण्याकरितां बारीक भोकाची चकती असते. टाकी ठेंगणी असल्यास ती काढण्यास हरकत नाहीं. आठ इंची, शेंकडों भोकांचें तोंड तर अशा घरीं शोभेचेंच. चार इंची बरें.

उघडा नळही मंद असेल तर भिंतीवरील व टाकीखालची चावी पूर्ण उघडी आहे कीं नाहीं तें पाहावें. प्लंबर ती अर्धी ठेवून निघून जातो, हें वारंवार घडतें. केवळ ऊन पाणी कमी असल्यास गीझराची वाट तपासावी. बोअरच्या जड पाण्यानें तेथें क्षार धरतो. टाकीपासून सगळा नळ अर्धा इंची असेल तर तो पाऊण इंची करावा. पाण्यास वाट सव्वादोनपट होते.

एवढ्यानें न भागल्यास टाकी 3 फूट उंच करावी. मात्र 1,000 लिटर पाण्याचें वजन 1 टन भरतें. चबुतरा भिंतींच्या अगर तुळयांच्या माथ्यावरच घ्यावा, मधल्या स्लॅबवर नको. पंप सर्वांत शेवटीं, आणि तो टाकीच्या पुढें. ग्रामपंचायतीच्या नळास थेट पंप जोडल्यास शेजाऱ्याचें पाणी ओढलें जातें, व नळास कोठें चीर असेल तर तेथून गटाराचें पाणीही आंत येतें.