पेसमेकरनंतरचे सहा आठवडे

ज्या मुलखात रापणीचा दोर ओढण्यापासून माडावरचे नारळ उतरविण्यापर्यंत, आणि विहिरीच्या रहाटापासून गणपतीची माटवी बांधण्यापर्यंत, बहुतेक सारा प्रपंच खांद्याच्या बळावरच चालतो, त्या मालवण किनाऱ्यावरील मनुष्यास ‘सहा आठवडे डावा हात खांद्याच्या वर नेऊ नका’ असा हुकूम डॉक्टरांनी फर्मावला, की प्रत्यक्ष शस्त्रक्रियेपेक्षा ही मनाईच त्याला अधिक जाचक वाटते. बांबोळी, कोल्हापूर किंवा बेळगाव येथून पेसमेकर बसवून दोन-तीन दिवसांत घरी परतलेला रुग्ण चालता-बोलता असतो, जेवतो-खातो, आणि ‘माका गरगरता’ हे महिनोन्‌महिन्यांचे गाऱ्हाणे एकाएकी थांबलेले असल्याने आपण पूर्ण बरे झालो अशी त्याची खात्री पटलेली असते. खरी जोखीम नेमकी येथेच सुरू होते.

वस्तुतः शस्त्रक्रिया लहानच. छाती उघडावी लागत नाही. बहुधा जागा तेवढी बधिर करून डाव्या गळपट्टीच्या हाडाखाली दोन-अडीच इंचांचा छेद घेतात, तेथील शिरेतून एक किंवा दोन बारीक तारा हृदयाच्या कप्प्यांत उतरवितात, आणि वीस ते तीस ग्रॅम वजनाचे यंत्र कातडीखाली ठेवून टाके घालतात. दिवसाकाठी सुमारे एक लाख ठोके देणाऱ्या हृदयाचे नैसर्गिक गतिकेंद्र मंदावले, किंवा तेथून निघालेला विद्युत्संदेश वाटेत अडला, म्हणजे हे यंत्र तेवढी उणीव भरून काढते. हृदयाच्या रक्तवाहिन्यांतील अडथळ्याशी त्याचा संबंध नाही, आणि म्हणूनच ‘मशीन बसविले, आता गोळ्या कशाला?’ हा किनाऱ्यावर सर्रास ऐकू येणारा सवाल घातक होय.

आज हे इतके सुलभ वाटते. पण ८ ऑक्टोबर १९५८ रोजी स्टॉकहोमच्या कॅरोलिन्स्का रुग्णालयात आर्ने लार्सन या त्रेचाळीस वर्षांच्या गृहस्थावर हा प्रयोग प्रथम झाला, तेव्हा छाती उघडूनच तारा हृदयाला शिवाव्या लागल्या होत्या, आणि रूने एल्म्क्विस्ट या अभियंत्याने ते यंत्र चक्क बुटाच्या पॉलिशच्या डबीचा साचा करून ओतले होते. ते काही तासांतच बंद पडले. लार्सन यांच्या पत्नीच्या चिकाटीमुळे शल्यचिकित्सक ओके सेनिंग या प्रयोगास राजी झाले होते. पुढे दोन डझनांहून अधिक यंत्रे बदलीत लार्सन २००१ पर्यंत जगले, आणि आपला शल्यचिकित्सक व आपला अभियंता या दोघांनाही मागे टाकून वयाच्या शहाऐंशीव्या वर्षी निराळ्याच आजाराने वारले.

आता हाताचा प्रश्न. तारेचे टोक हृदयाच्या आतल्या भिंतीत रुतविलेले असले, तरी भोवताली नवे तंतू निर्माण होऊन तिने तेथे घट्ट जम बसवावयास चार ते सहा आठवडे लागतात. कलम बांधल्यावर सांधा जुळेपर्यंत त्याला धक्का लागू देत नाहीत, हे ज्या कोकणी माणसाला सांगावे लागत नाही, त्याला याची सबब निराळी समजावून देण्याचे कारण नाही. त्या मुदतीत हात वर ताणला, पाच किलोंहून जड भार उचलला किंवा जोराचा हिसका बसला, तर तार जागची सरकते, यंत्राचा संदेश पोचत नाही, आणि पुन्हा सगळा खटाटोप करावा लागतो. रापण, वल्हे, कोयती, नारळ सोलण्याची पहार आणि पाण्याची कळशी, ही सारी तूर्त दुसऱ्याच्या हाती.

परंतु याहून मोठी चूक, आमच्या मते, उलट दिशेची असते. भ्यालेले कुटुंबीय रुग्णाचा हात झोळीत अडकवून ठेवतात, आणि सहा आठवडे सरल्यावर तार पक्की बसलेली असते, पण खांदा मात्र असा आखडलेला असतो की बंडी घालताना डोळ्यांत पाणी यावे. कोपर, मनगट व बोटे पहिल्या दिवसापासून हलवावीत. खांदाही त्याच्या उंचीच्या आतल्या आत पुढेमागे फिरवावा. घास घ्यावा, गुंड्या लावाव्यात, खळ्यात किंवा पुळणीवर सावकाश चालावे. मनाई उंचीची, ताणाची आणि भाराची आहे; हालचालीची नाही.

स्त्रियांच्या अडचणी छापील सूचनापत्रकांत क्वचितच येतात, म्हणून येथे थोडे विस्ताराने लिहितो. पदर नेमका डाव्या खांद्यावर येतो, त्याची पिन आणि आतील वस्त्राचा पट्टा दोन्ही जखमेवर घासतात. तेव्हा काही दिवस पुढून उघडणारे सैल झंपर वापरावे आणि पदराचा भार दुसरीकडे घ्यावा. अंबाडा घालणे आणि त्यावर सुरंगीचा वळेसर माळणे ही दोन्ही हात डोक्यामागे नेण्याची कामे असल्याने ती सुनेने किंवा लेकीने करावीत. दोरीवर कपडे वाळत घालणे आणि फळीवरचे डबे काढणे हीही त्याच जातीची.

जखम साधारण आठवडा-दहा दिवस, डॉक्टर सांगतील तोवर, कोरडी राखावयाची असते, आणि आमच्या दमट हवेत, विशेषतः आषाढात, हे बोलण्याइतके सोपे नाही. १ जून ते ३१ जुलै या यांत्रिक मासेमारीच्या बंदीकाळात नौका किनाऱ्याला असल्याने खलाशास विश्रांती आपोआप मिळते हे खरे. पण हृदयाचा संदेशमार्ग पुरता अडलेला असेल, तर हंगाम पाहून मुहूर्त काढण्याची मुभा नसते. जखमेवर हळद, खोबरेल किंवा भस्म लावू नये. सूज वाढली, लाली आली, पू दिसला, ताप भरला किंवा पुन्हा भोवळ आली, तर गावात सुई टोचवून पाणी काढू न देता, जेथे यंत्र बसविले तेथेच तातडीने कळवावे. कारण संसर्ग आत पोचला तर यंत्र आणि तारा दोन्ही काढाव्या लागतात.

विजेच्या उपकरणांची धास्ती मात्र अवास्तव आहे. मिक्सर, दूरदर्शन, पंखा यांपासून अपाय नाही. मोबाईल डाव्या खिशात न ठेवता यंत्रापासून सहा इंच दूर आणि उजव्या कानाला धरावा. इंडक्शनच्या शेगडीपासून दोन फूट अंतर राखावे. भजनाच्या ध्वनिक्षेपकातील मोठा लोहचुंबक छातीशी धरून नेऊ नये. बंदरावर वेल्डिंग करणाऱ्याने किंवा चालू इंजिनावर वाकून दुरुस्ती करणाऱ्याने धंद्यावर परतण्यापूर्वी डॉक्टरांशी स्पष्ट बोलावे. तारकर्लीला पाण्याखाली बुडी मारण्याची हौसही परवानगीविना नको, कारण पाण्याचा दाब सोसण्याची प्रत्येक यंत्राची मर्यादा ठरलेली असते.

रुग्णालयातून मिळालेले ओळखपत्र हा दस्तऐवज समजून सतत जवळ बाळगावा. चिपी किंवा मोपा विमानतळावर ते दाखवावे. एमआरआय करण्यापूर्वी तर दाखवावेच, कारण काही यंत्रांना ती तपासणी चालते, काहींना नाही. पहिली तपासणी एक ते तीन महिन्यांत आणि पुढे सहा महिन्यांनी वा वर्षाने होते. बॅटरी सामान्यतः आठ ते बारा वर्षे पुरते. खर्चाची विवंचना असलेल्यांनी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत हा उपचार समाविष्ट आहे हे ध्यानी ठेवून रुग्णालयातील आरोग्यमित्राकडे आधीच चौकशी करावी.

एक विषय घरात कोणी काढीत नाही, पण तो काढला पाहिजे. चितेच्या उष्णतेने पेसमेकरची बॅटरी फुटते, म्हणून दहनापूर्वी यंत्र काढून घ्यावे लागते. दफन होणाऱ्या घरांत ही अडचण नाही. अशी काढलेली यंत्रे सर्वस्वी निरुपयोगी असतात असेही नव्हे. अमेरिकेतील अंत्यविधी-गृहांनी दान दिलेल्या यंत्रांपैकी पुरेशी बॅटरी शिल्लक असलेली ५३ यंत्रे निर्जंतुक करून मुंबईत वांद्र्याच्या होली फॅमिली रुग्णालयात ५३ निर्धन रुग्णांना बसविण्यात आली, आणि संसर्ग किंवा यंत्र बिघडल्याची एकही तक्रार उद्भवली नाही, असा वृत्तांत २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. आपल्याकडे असा पुनर्वापर सरसकट होत नाही. तरीही यंत्र काढण्यासंबंधी घरच्या एका जाणत्या माणसाला सांगून ठेवावे. हे काम डॉक्टर काही मिनिटांत करतात, मात्र ते त्यांना आठवणीने सांगावे लागते.