सुटका आणि पलायन : मायकेल शेबॉन यांच्या एका ऐतिहासिक कादंबरीचा विचार

ऐतिहासिक कादंबरी म्हटले की मराठी वाचकाच्या मनासमोर राजे, सेनानी आणि रणसंग्राम उभे राहतात. ‘स्वामी’ (१९६२) किंवा ‘पानिपत’ (१९८८) या कादंबऱ्यांची आठवण केली तरी हे ध्यानात येईल. अमेरिकन कादंबरीकार मायकेल शेबॉन (जन्म १९६३) यांची ‘दि अमेझिंग ॲडव्हेंचर्स ऑफ कॅव्हलियर अँड क्ले’ (२०००) ही कादंबरी वेगळ्या वाटेने जाते. तिचा मुख्य काळ दुसऱ्या महायुद्धाचा आहे. परंतु तिचे नायक आहेत ते दहा सेंटला विकल्या जाणाऱ्या चित्रकथा रचणारे दोन ज्यू तरुण. २००१ साली या कादंबरीस पुलित्झर पारितोषिक लाभले. ज्या वाङ्मयप्रकाराला समीक्षेने ‘पलायनवादी’ म्हणून बाजूला सारले, त्याच्या निर्मितीची कथा गंभीर ऐतिहासिक कादंबरीचा विषय कशी होते, हे पाहणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

या कादंबरीमागील वास्तव प्रथम लक्षात घ्यावयास हवे. जेरी सीगल आणि जो शुस्टर या क्लीव्हलँडमधील दोन ज्यू तरुणांचा ‘सुपरमॅन’ जून १९३८ च्या अंकातून अवतरला. त्याचे सर्व हक्क त्यांनी अवघ्या १३० डॉलरना विकले होते. जॅक कर्बी (मूळ नाव जेकब कर्ट्‌झबर्ग) आणि जो सायमन यांच्या ‘कॅप्टन अमेरिका’च्या पहिल्या मुखपृष्ठावर नायक हिटलरला ठोसा लगावताना दिसतो. मार्च १९४१ ही तारीख असलेला हा अंक डिसेंबर १९४० मध्येच विक्रीस आला होता; म्हणजे अमेरिका युद्धात उतरण्यापूर्वी सुमारे वर्षभर. जाहिरातकला आणि प्रतिष्ठित नियतकालिके यांची दारे ज्यू तरुणांना सहजी उघडत नसत. चित्रकथेचा व्यवसाय नवा होता, कमी प्रतीचा मानला जात होता, आणि म्हणूनच तेथे त्यांना शिरकाव मिळाला. ही चित्रे केवळ मुलांच्या करमणुकीची नव्हती, हे नाझींनीही ओळखले होते. सुपरमॅन हिटलरला पकडून नेतो अशी चित्रकथा ‘लुक’ या नियतकालिकात फेब्रुवारी १९४० मध्ये आली, एप्रिलमध्ये एस.एस. संघटनेच्या साप्ताहिकाने सीगल यांच्यावर त्यांच्या ज्यू असण्याचा उल्लेख करीत हल्ला चढविला.

या वास्तवातून शेबॉन यांनी जो कॅव्हलियर आणि सॅमी क्ले ही पात्रे घडविली. जो हा प्रागचा. चित्रकला आणि बंधनातून निसटण्याची जादू या दोन्हींचे शिक्षण त्याने घेतले आहे. १९३९ मध्ये तो गोलेमच्या शवपेटीत लपून नाझींच्या ताब्यातील प्राग सोडतो. गोलेम म्हणजे रब्बी लोव यांनी ज्यू वस्तीच्या रक्षणासाठी मातीतून घडविला अशी आख्यायिका असलेला पुतळा. जपानमार्गे जो ब्रुकलिनला आपला आतेमामेभाऊ सॅमी याच्याकडे पोहोचतो. पोलिओमुळे पायांनी अधू झालेला सॅमी कथा रचतो, जो चित्रे काढतो. दोघे मिळून ‘एस्केपिस्ट’ हा नायक जन्माला घालतात. बेड्या तोडणारा आणि गुलामांना मुक्त करणारा हा नायक पहिल्याच मुखपृष्ठावर हिटलरवर प्रहार करतो. मालकी मात्र प्रकाशकाकडे जाते. येथे सीगल-शुस्टर यांचे प्राक्तन स्पष्ट दिसते.

नायकाच्या नावातील श्लेष हे या कादंबरीचे मर्म आहे. बंधनातून निसटणारा आणि वास्तवापासून पळणारा, अशा दोघांनाही इंग्रजीतील ‘एस्केप’ हा एकच शब्द व्यापतो. मराठीने मात्र येथे दोन शब्द राखले आहेत. आग्र्याच्या प्रसंगाला मराठी माणूस ‘सुटका’ म्हणतो, ‘पलायन’ म्हणत नाही. सुटकेत बंधन अन्याय्य असल्याचा निर्वाळा असतो. पलायनात कर्तव्यच्युतीचा ठपका. एकाच कृतीचे हे दोन निवाडे आहेत. चित्रकथेला ‘पलायन’ म्हणणारा समीक्षक वाचकाचे बंधन मुळात गृहीतच धरत नाही. ज्याच्या आप्तांना प्रागमधून बाहेर पडता येत नाही, त्याने रेखाटलेल्या तुटणाऱ्या बेड्यांना पलायन म्हणावे काय, हा प्रश्न कादंबरी विचारते.

तथापि शेबॉन या प्रश्नाचे सोपे उत्तर देत नाहीत. जोने काढलेले ठोसे कागदावरच राहतात. मिळालेल्या पैशातून तो धाकट्या भावाला, थॉमसला, अमेरिकेत आणण्याची खटपट करतो. पण निर्वासित मुलांचे ते जहाज जर्मन पाणबुडीच्या हल्ल्यात बुडते. त्यानंतर जो नौदलात भरती होतो आणि अंटार्क्टिकावर जाऊन पडतो. तेथे एका जर्मन भूवैज्ञानिकाचा मृत्यू त्याच्या हातून घडतो. हवाहवासा वाटणारा सूड प्रत्यक्षात हाती येतो तेव्हा त्यात समाधानाचा लेशही नसतो. कागदावरील विजय भावाला वाचवू शकत नाही आणि रणभूमीवरील विजय मनाला शांती देऊ शकत नाही. वाचकाला इतिहासाचा शेवट आधीच ठाऊक असल्याने जोच्या प्रत्येक आशावादी चित्रावर त्या ज्ञानाची सावली पडते. ऐतिहासिक कादंबरीचे सामर्थ्य ते हेच.

कादंबरीच्या उत्तरार्धात बंधनाचे रूप पालटते. सॅमी समलिंगी आहे आणि ती गोष्ट लपविण्यात त्याची उमेद खर्च होते. नायकांना सोडविणारा लेखक स्वतः कोंडलेला राहतो. १९५४ साली अमेरिकन सिनेटच्या उपसमितीने बालगुन्हेगारीच्या संदर्भात चित्रकथांची प्रत्यक्षात चौकशी केली होती. त्याच वर्षी या व्यवसायाने स्वतःवर आचारसंहिता लादून घेतली. कादंबरीत याच चौकशीत सॅमीचे रहस्य जाहीर होते. जी नामुष्की तिच्यातूनच सुटका, असा हा विरोधाभास आहे.

जॉर्ज लुकाच यांनी ऐतिहासिक कादंबरीच्या विवेचनात असे प्रतिपादिले होते की, तिचा नायक मध्यम कुवतीचा असावा आणि इतिहासप्रसिद्ध व्यक्ती परिघावर असाव्यात. शेबॉन यांची रचना या सूत्राशी बरीच जुळते : साल्वादोर दाली, ऑर्सन वेल्स यांसारख्या व्यक्ती क्षणभर येतात आणि जातात. शिवाय काल्पनिक चित्रकथांना तळटीपा जोडून लेखक त्यांना इतिहासाचा आव देतो. वाङ्मयेतिहासाने ज्यांची नोंद उशिरा घेतली, अशा कारागिरांना दिलेला हा कल्पित दस्तऐवज आहे. सीगल आणि शुस्टर यांची नावे सुपरमॅनला पुन्हा जोडली जाण्यास १९७५ ची अखेर उजाडावी लागली, हे येथे स्मरणीय ठरते.

कादंबरीत उणिवा नाहीत असे नाही. उत्तरार्धातील योगायोग चित्रकथेतच शोभावेत असे आहेत. रोझा सॅक्स ही स्वतः चित्रकार असलेली नायिका दोन पुरुषांच्या कथेत काहीशी दबून जाते. परंतु शेवटाकडे गोलेमची शवपेटी मातीने भरून परत येते, तेव्हा सर्व धागे जुळतात. ‘क्ले’ या आडनावाचा अर्थही मातीच. रक्षणकर्ता विरघळला आहे, माती उरली आहे. आणि तिच्यातून पुन्हा काही घडविणे एवढेच कलावंताच्या हाती असते. लोकप्रिय वाङ्मयाचे मूल्यमापन करताना ‘पलायनवादी’ हे विशेषण वापरण्यापूर्वी वाचक कशातून सुटू पाहत आहे हे विचारावे लागेल, ही या कादंबरीची अभ्यासकांना मिळणारी शिकवण होय.